साधा पंप मार्कर घेऊन पेंटबॉलचा सिनारिओ गेम खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्कर म्हणजे पेंटबॉलची, रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक; पंप मार्करला दर गोळीला हाताने दस्ता मागेपुढे करावा लागतो. इथली उत्तरं अमेरिकेतल्या मैदानांची पद्धत धरून दिली आहेत, कारण मोठे सिनारिओ गेम तिथेच होतात आणि प्रश्नही बहुतेक तिथल्या मराठी खेळाडूंचेच असतात. प्रत्येक मैदानाची स्वतःची नियमावली असते. आमचं उत्तर आणि ती नियमावली जुळली नाही, तर नियमावली खरी.

१. सिनारिओ गेम म्हणजे काय? लोणावळ्याच्या रिसॉर्टवर खेळलो होतो तेच ना?

खेळ तोच, मांडणी वेगळी. रिसॉर्टवर मोजक्या गोळ्या हातात देतात, दोन संघ समोरासमोर उभे राहतात आणि थोड्या वेळात डाव संपतो. सिनारिओला कथानक असतं आणि तो दिवसभर, कधी सलग २४ तास चालतो. दोन्ही बाजूंना एकेक सेनापती असतो. ठरावीक वेळाने तो मोहिमा वाटतो: अमुक पूल ताब्यात घ्या, तमुक पेटी तळावर आणा, शत्रूचा नकाशा पळवा. पेनसिल्व्हेनियातल्या 'स्कर्मिश' मैदानावर दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईवर बेतलेला मोठा खेळ होतो. १९९७ मध्ये सुरू झालेला 'ओक्लाहोमा डी-डे'ही त्याच विषयावरचा होता.

आणखी एक मोठा फरक. इथे गोळी लागली म्हणजे दिवस संपला असं नाही. तळावर जायचं, ठरलेली वेळ झाली की पुन्हा आत यायचं.

२. पंप मार्कर चालतो कसा?

पुढचा दस्ता मागे ओढला की बोल्ट मागे जातो आणि वरून एक गोळी खाली पडते. दस्ता पुढे ढकलला की बोल्ट ती गोळी नळीत सारतो. ट्रिगर दाबला की अडकवलेला हॅमर सुटतो, व्हॉल्व्हवर आपटतो आणि मोजका गॅस गोळीमागे जातो. पुढच्या गोळीसाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. बॅटरी नाही, सर्किट नाही.

पेंटबॉलची सुरुवातच अशा मार्करांनी झाली. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावी १२ जणांनी पहिला खेळ खेळला, तो नेल्सन कंपनीच्या 'नेलस्पॉट ००७' पिस्तुलांनी. ती पिस्तुलं मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची होती, आणि दर गोळीला बोल्ट हातानेच मागेपुढे करावा लागे. जिंकलेल्या, पेशाने फॉरेस्टर (जंगलाची देखभाल करणारा) असलेल्या खेळाडूने सगळे झेंडे गोळा केले, तेही एकही गोळी न झाडता. प्रश्न ३ वाचताना हे लक्षात असू द्या.

३. समोरचे सेकंदाला आठ-दहा गोळ्या मारतात. पंप घेऊन जाणं म्हणजे मार खायला जाणं नाही का?

मोकळ्या मैदानात, फुगवलेल्या अडथळ्यांमागून समोरासमोर खेळायचं असेल तर हो, तसंच आहे. सिनारिओत चित्र बदलतं, कारण तिथे गुण मोहिमेला असतात, किती जणांना टिपलं याला नसतात. पेटी तळावर पोचली की गुण मिळाले. वाटेत तुम्ही तीन गोळ्या झाडल्या की तीनशे, हे कोणी विचारत नाही.

पंपवाल्याने एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करावी: गोळीबाराच्या भिंतीशी भांडायचं नाही. सेमी-ऑटोवाला (ज्याच्या मार्करमध्ये पुढची गोळी आपोआप भरली जाते तो) तुमच्या झाडावर गोळ्यांचा पाऊस पाडायला लागला की तुमची ती जागा गेली. त्याला उत्तर देत बसू नका. साथीदाराने समोरच्याला गुंतवून ठेवावं आणि तुम्ही बाजूने १५-२० मीटरचा वळसा घालावा. अशा वेळी एकच गोळी, जवळून आणि नेमकी, पुरते. म्हणून एकट्या पंपवाल्यापेक्षा 'एक पंप, एक सेमी' ही जोडी कितीतरी भारी पडते.

दुसरा फायदा ओझ्याचा. सेमीवाला चार-पाच पॉड (जादा गोळ्यांचे डबे), मोठी टाकी आणि बॅटरीचा हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) घेऊन चालतो. तुमच्याकडे खिशात गोळ्यांच्या चार-पाच छोट्या नळ्या असतात. दुपारी तीन वाजता, टेकडी चढताना, हा फरक पायांना कळतो.

४. पहिला पंप मार्कर कोणता घ्यावा?

भाड्याने मिळत असेल तर आधी एक दिवस तो वापरा. विकत घ्यायचा तर तीन नावं नेहमी पुढे येतात. सीसीआयचा फँटम हलका आणि सुटसुटीत असतो, तो स्टॉक क्लास स्वरूपातही मिळतो. अझोडिनचा काओस पंप खिशाला परवडतो. एम्पायरच्या स्नायपरची घडण ऑटोकॉकर नावाच्या मार्करच्या घराण्यातली, त्यामुळे त्याला (गोळी सुटते त्या) नळ्या सहज मिळतात.

स्टॉक क्लास म्हणजे सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूचं) १२ ग्रॅमचं कार्ट्रिज, १० गोळ्यांची आडवी नळी आणि मार्कर तिरका करून गोळी पुढे घेणं. मजा खूप आहे, पण पहिल्याच सिनारिओला हा हट्ट नको. उभा फीड (गोळ्या आत येण्याची वाट) आणि ५० किंवा १०० गोळ्यांचा छोटा हॉपर असलेला मार्कर घ्या. बॅटरीचा हॉपर लागत नाही, गोळ्या वजनानेच खाली पडतात.

जुना मार्कर घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. गॅस लावून मिनिटभर कान लावा, फुसफुस आली तर प्रश्न १५ वाचूनच भाव करा. दस्ता डावीउजवीकडे फार हलतो का, ते पाहा. आणि गॅस नसताना पंप मारून ट्रिगर दाबा: हॅमर दर वेळी अडकला आणि सुटला पाहिजे.

५. १२ ग्रॅमची कार्ट्रिजं घेऊ की टाकी?

सिनारिओसाठी १३ घन इंच, ३००० पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं माप) छोटी हवेची टाकी सर्वांत सोयीची. एका भरणीत शंभराहून अधिक गोळ्या जातात, पंपवाल्याचा अर्धा दिवस निघतो. टाकीवर हायड्रो चाचणीची (टाकी दाब सोसते का, याच्या तपासणीची) तारीख छापलेली असते. मुदत साधारण ५ वर्षांची असते, ती उलटली की मैदानावर भरून मिळत नाही. ही तारीख घरून निघण्याआधी बघा, भरणीच्या रांगेत उभं राहून नाही.

१२ ग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये मार्कर आणि हवामानानुसार २० ते ३५ गोळ्या होतात. ती वापरायची तर:

- कार्ट्रिजच्या मानेवर पेंटबॉल तेलाचा एक थेंब लावा, त्याने सील टिकतं.
- चेंजर (कार्ट्रिज ज्यात बसतं तो भाग) एका दमात घट्ट फिरवा. अर्धवट फिरवलं तर भोक पडतं पण सील बसत नाही, आणि गॅस बोटांवर येतो. तो इतका गार असतो की कातडी भाजते.
- बदलण्याआधी उरलेला गॅस सुरक्षित दिशेने झाडून संपवा.
- रिकामं कार्ट्रिज खिशात ठेवा. गवतात टाकलं तर कोणाच्या तरी घोट्याखाली येतं, आणि रेफरीने पाहिलं तर तुमचं नाव खराब होतं.

६. सकाळी नीट चालणारा मार्कर दुपारी जास्त वेगाने का मारतो?

कारण तुम्ही सीओटू वापरताय. सीओटूचा दाब तापमानावर ठरतो: ० अंशाला साधारण ५०० पीएसआय, २० अंशाला ८३०च्या आसपास, ३० अंशाला हजाराच्या वर. ३१ अंशांपुढे तर तो द्रवरूपात राहतच नाही. सकाळी १२ अंशांत क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) २८० फूट प्रतिसेकंद आलेला मार्कर दुपारी उन्हात ३०० ओलांडू शकतो. थंडीत याच्या उलट होतं: लागोपाठ चार-पाच गोळ्या मारल्या की कार्ट्रिज गार पडतं आणि पुढच्या गोळ्या अर्ध्या वाटेतच मान टाकतात. अशा वेळी दोन गोळ्यांमध्ये चार-पाच सेकंद थांबा, पुढचं कार्ट्रिज आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा.

नळीतून पांढरा धूर येत असेल तर द्रव सीओटू व्हॉल्व्हमध्ये शिरतोय. मार्कर तोंड खाली करून धरलात की हे होतं. हवेच्या टाकीला दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असतो, त्यामुळे हा ताप जवळपास नसतो.

७. क्रोनोवर वेग जास्त आला. काय फिरवू?

क्रोनो गोळीचा वेग फूट प्रतिसेकंद मोजतो. बाहेरच्या मैदानांवर मर्यादा बहुधा २८० किंवा ३०० असते. ऑटोकॉकर घराण्यातल्या पंप मार्करांत मागच्या बाजूला हॅमरच्या स्प्रिंगचा स्क्रू असतो. ॲलन की लावून तो आत फिरवला की वेग वाढतो, बाहेर फिरवला की कमी होतो. एका वेळी पाव फेरा फिरवा, तीन गोळ्या मारा, आकडा बघा. इतर मॉडेलांत जागा वेगळी असते, काहींत स्प्रिंगच बदलावी लागते. ते मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

मर्यादा २८० असेल तर सीओटूवाल्याने २६५-२७० वर समाधान मानावं (कारण प्रश्न ६ मध्ये). क्रोनो झाल्यावर ॲलन की खिशात घेऊन आत जाणं बहुतेक मैदानांवर चालत नाही.

तीन गोळ्यांचे आकडे २४०, २८५, २५५ असे विखुरले असतील तर स्क्रूला हात लावू नका. दोष बहुधा गोळी आणि नळीच्या मापात आहे, प्रश्न ९ पाहा.

८. दिवसाला किती गोळ्या लागतील? आणि त्या फुटू नयेत म्हणून काय करावं?

पेटीत २००० गोळ्या असतात, ५००च्या चार पिशव्यांत. पंपवाल्याला दिवसभराला एक पिशवी बहुधा पुरते. वाचलेल्या पैशातून चांगल्या दर्जाच्या गोळ्या घ्या. सेमीवाल्याची एक गोळी वाकडी गेली तर मागून नऊ येत असतात, तुमची एकच असते. अनेक मैदानांवर त्यांच्याकडच्याच गोळ्या वापरायची सक्ती असते, तेव्हा पेटी घरून नेण्याआधी विचारा.

गोळीचं कवच जिलेटिनचं असतं. दमटपणा लागला की ते फुगतं, ऊन लागलं की मऊ पडतं, गारठलं की ठिसूळ होतं. म्हणून पिशवी सावलीत, बंद आणि जमिनीपासून वर ठेवा. उन्हात उभ्या गाडीची डिकी ही सर्वांत वाईट जागा. ओला हात पिशवीत घालू नका. हॉपरमध्ये एक गोळी फुटली तर सगळ्या काढा, हॉपर कोरडा पुसा आणि रंग लागलेल्या गोळ्या टाकून द्या. पुसून परत घातलेली गोळी नळीत फुटतेच.

गोळ्या फ्रीझरमध्ये ठेवून कडक करायची कल्पना दर काही महिन्यांनी कोणाला तरी सुचते. करू नका. त्या वेड्यावाकड्या होतात, नळीत फुटतात, आणि पकडलं तर मैदानाबाहेर काढतात.

९. गोळी नळीत सैल आहे की घट्ट, हे कसं ओळखायचं?

नळी मार्करवरून काढा. मागच्या बाजूने एक गोळी घाला.

आपोआप घरंगळून बाहेर पडली तर नळी मोठी. गोळी तिथेच थांबली आणि तोंडाने जोरात फुंकल्यावर सुटली, तर माप बरोबर. फुंकूनही हलली नाही तर नळी लहान, अशीत गोळ्या फुटतात.

पंपमध्ये सैल माप जास्त त्रास देतं, कारण पंप मारल्यावर गोळी नळीत बराच वेळ थांबते. तुम्ही उतारावर तोंड खाली करून दबा धरता, गोळी गुपचूप पुढे सरकते आणि नेमक्या वेळी ट्रिगर दाबल्यावर नुसता 'फुस्स' आवाज येतो. तीन-चार वेगवेगळ्या मापांचे मागचे भाग असलेली नळी म्हणूनच कामाची. माप सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा तपासा, दमट दिवशी गोळ्या तेवढ्यात फुगलेल्या असतात.

नळीच्या लांबीने नेम सुधारतो हा गैरसमज आहे. १० ते १४ इंच पुरे. त्याहून लांब नळी झुडपात अडकते, बाकी काही नाही.

१०. पंप मारताना गोळी चिरडते किंवा दोन-दोन गोळ्या जातात. माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा हात अर्धवट चालतोय. घाबरलेल्या माणसाचा दस्ता पूर्ण मागे येत नाही. अशाने तीन प्रकार होतात:

दस्ता पुरेसा मागे आला नाही तर हॅमर अडकत नाही, ट्रिगर पोकळ लागतो. गोळी अर्धी खाली आली असताना दस्ता पुढे गेला तर बोल्ट तिला कापतो. आणि ट्रिगर न दाबता दोनदा पंप मारला की पहिल्या गोळीमागे दुसरी शिरते, मग दोन्ही पाच-दहा मीटरवर लोळतात. हा तिसरा प्रकार विसरण्यातून होतो. 'मघाशी पंप मारला होता का?' असा प्रश्न मनात आला की पंप मारू नका. सुरक्षित दिशेला एक गोळी झाडा, मग मारा.

सवय अशी लावा: गोळी सुटताक्षणी, आडोशाआड येता येता पंप. म्हणजे आडोशाआडून डोकं काढाल तेव्हा मार्कर कायम तयार असतो, आणि तो तयार आहे का याचा विचारच करावा लागत नाही. दस्ता नळीच्या रेषेत सरळ ओढा, खाली दाबून ओढलात तर मार्करचं तोंड प्रत्येक वेळी हलतं. घरी गॅस आणि गोळ्या न लावता रोज पन्नास वेळा, भिंतीवरच्या खुणेवरून नजर न हलवता हा सराव करा. आठवड्याभरात हात आपोआप चालू लागतो.

हात पूर्ण चालतोय आणि तरी दोन गोळ्या जातात? मग डिटेंट पाहा. गोळी पुढे घरंगळू नये म्हणून बोल्टच्या तोंडाशी असलेली बारीक कळ ती हीच. झिजली असेल तर बदला, भाग स्वस्त असतो.

मैदानात गोळी फुटलीच तर आधी पुढे काहीही न झाडता आडोशाआड या, स्क्वीजी (नळीतला रंग पुसून काढायचं साधन) मागून पुढे एकदा ओढा, मग कापडी स्वॅब फिरवा. नुसत्या चार गोळ्या झाडून नळी साफ होते असं सांगणारे खूप भेटतील. होते, पण त्या चारही गोळ्या भलतीकडे जातात, आणि तुमच्यापुरता तो अख्खा हल्लाच असतो.

११. ऑटो-ट्रिगर म्हणजे काय? चालतो का?

काही पंप मार्करांत ट्रिगर दाबून धरला आणि नुसता पंप मारत राहिलं, तर दर फटक्याला गोळी सुटते. सिनारिओत सहसा याला मनाई नसते, फक्त 'पंप'साठी वेगळा गट किंवा स्पर्धा असेल तर आधी विचारा. जवळच्या चकमकीत एक-दोनदाच तो उपयोगी पडतो. नेम राहत नाही, आणि प्रश्न १० मधले सगळे दोष दुप्पट होतात.

१२. किती लांबून मारावं?

उभ्या माणसावर ३० मीटरपर्यंत. ०.६८ इंची, साधारण ३ ग्रॅमची गोळी २८० फूट वेगाने निघाली तरी हवेचा विरोध तिला लवकर थकवतो. ३० मीटर जायला तिला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात ती साधारण मीटरभर खाली येते. आडवा पळणारा माणूस त्या अर्ध्या सेकंदात अडीच मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे नेम त्याच्यावर नाही, त्याच्या वाटेवर धरायचा. ५० मीटरवर गोळी पोचते, पण अंगावर आपटून उसळण्याची शक्यता वाढते आणि उसळलेली गोळी मोजत नाहीत (प्रश्न १४). थांबा, जवळ येऊ द्या. पंपवाल्याचा अर्धा खेळ इथेच आहे.

१३. पंपवाल्याने कोणती भूमिका मागावी?

नोंदणीच्या वेळी भूमिकेची कार्डं वाटतात. नावं आणि अधिकार खेळागणिक बदलतात, पण साधारण असं:

मेडिक पंपवाल्याला सर्वांत शोभते. बाद झालेल्यांना जागेवरच परत उभं करायचं असतं, त्यात हात गोळीबारात गुंतलेले नकोतच. वेढ्यात सापडलेल्या गटात जिवंत मेडिक असणं दहा सेमींपेक्षा मोलाचं. फक्त मेडिकने पहिल्या रांगेत राहू नये, दहा-पंधरा पावलं मागे राहावं.

डिमॉलिशनवाला रणगाडे आणि पूल उडवतो. रॉकेट म्हणून फोमचा बाण मारायचा असतो, तिथे मार्कर कोणता हा मुद्दाच नसतो. निरोप्या आणि टेहळ्या ही कामंही उत्तम, हलका माणूसच हवा असतो.

सेनापतीचा अंगरक्षक व्हायला जाऊ नका. तिथे खरोखर गोळ्यांची भिंत लागते.

१४. लागली की नाही, हे ठरतं कसं?

अंगावर, कपड्यावर किंवा सामानावर अमेरिकन क्वार्टर नाण्याएवढा, म्हणजे साधारण २४ मिलीमीटरचा, सलग डाग पडला तर लागली. मार्कर आणि हॉपरवरचा डागही बहुतेक मैदानांवर मोजतात. झाडावर फुटून उडालेले शिंतोडे धरत नाहीत. न फुटता उसळलेली गोळी धरत नाहीत. दोघांना एकाच वेळी लागली तर दोघेही बाद. पाठीवर लागली असं वाटलं पण दिसत नसेल तर 'पेंट चेक' ओरडा आणि रेफरी येईपर्यंत झाडू नका. बोटाने डाग पुसणारा खेळाडू एकदा पकडला गेला की दिवसभर त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही.

नेहमी येणारा अडचणीचा उपप्रश्न: मी मेडिकची वाट बघत बसलोय आणि मला पुन्हा गोळी लागली, तर? काही खेळांत त्यानंतर मेडिक चालत नाही, थेट तळावर जावं लागतं. काहींत फरक पडत नाही. हे सकाळच्या सूचनांमध्ये सांगतात, तेव्हा रांगेत गप्पा मारू नका.

१५. गॅस गळतोय. दुरुस्ती मैदानावर होईल का?

आवाज कुठून येतो त्यावर आहे. टाकी जिथे बसते तिथून येत असेल तर टाकीच्या तोंडाची ओ-रिंग (गॅस अडवणारी गोल कडी) गेली. ०१५ मापाची युरेथेनची रिंग घ्या, काळ्या रबराची सीओटूने फुगून फाटते. अशा पाच-सहा रिंगा पाकिटात ठेवल्या की झालं, दोन मिनिटांचं काम.

नळीतून हवा येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलमध्ये कचरा अडकलाय किंवा सील झिजलंय. चार-पाच वेळा गोळीविना झाडून बघा, कधीकधी कचरा निघतो. थांबलं नाही तर टाकी काढून ठेवा. सील बदलणं हे टेबलावर, दिव्याखाली करायचं काम.

तेल म्हणजे पेंटबॉलसाठीचं हलकं तेल, एक-दोन थेंब. डब्ल्यूडी-४०सारखा फवारा नको, तो ओ-रिंगांसाठी नाही.

१६. मास्कच्या काचेवर वाफ जमते. पुसायला मास्क काढला तर?

मैदानात मास्क काढायचा नाही. कोणत्याही कारणासाठी नाही, सेकंदभरही नाही. काही दिसेनासं झालं तर बसा, रेफरीला हाक मारा, तो हाताला धरून बाहेर नेईल. उपाय आधीच करा: दुहेरी थर्मल काचेचा, एएसटीएम एफ१७७६ मानकाचा मास्क घ्या. भाड्याच्या मास्कला बहुधा एकेरी काच असते आणि पंपवाला दबा धरून जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे वाफ त्यालाच जास्त छळते. थर्मल काच पाण्यात बुडवून धुऊ नका, दोन थरांत पाणी शिरलं की ती गेली.

१७. रात्रीच्या खेळात पंप बरा की वाईट?

बरा. गोळ्यांच्या आवाजावरून जागा ओळखतात, आणि तुमचा आवाज एकदाच येतो. घात करतो तो हॉपर. अर्धा भरलेला हॉपर चालताना खडखडतो, तेव्हा पुढे सरकताना तो पूर्ण भरलेला ठेवा किंवा १० गोळ्यांच्या नळीवर या. पंपचा 'खट्' आवाजही शांत रानात ऐकू जातो. दस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात हात हळू करा, पण प्रवास पूर्ण करा (प्रश्न १०).

१८. मुलाला नेता येईल का?

वयाची अट मैदानागणिक वेगळी, बऱ्याच ठिकाणी १० वर्षं. १८ खालच्या मुलांच्या संमतिपत्रावर आई-वडिलांची सही लागते. मित्राचा मुलगा बरोबर नेत असाल तर त्याच्या घरून सही आधीच आणा, काका-मामाची चालत नाही. पंपचा दस्ता लहान हातांना जड जातो, दुकानातच मारून बघू द्या.

१९. मार्कर विमानाने नेता येतो का?

अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात मार्कर फक्त चेक-इन सामानात चालतो, हातातल्या बॅगेत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण काढलेला आणि सिलिंडर उघडा, आत पाहता येईल असा हवा. व्हॉल्व्ह परत बसवणं जाणकाराचं काम आहे, म्हणून टाकी तिथेच भाड्याने घेणं शहाणपणाचं. सीलबंद १२ ग्रॅमची कार्ट्रिजं कोणत्याच बॅगेत नेऊ नका, ती मैदानावर विकत घ्या. कोणाच्या जुन्या जॅकेटच्या खिशात एखादं राहिलेलं असतं, तेही निघण्याआधी चाचपा.